पळताना डोक्याला काय बांधावं: मरिनो की पॉलिस्टर?

दिवाळीनंतर पुण्यात पहाटे पळायला निघणाऱ्यांना डोक्यावर काहीतरी लागतंच. टोपी, हेडबँड की बफ (ताणला जाणारा कापडी नळा), हे ज्याने त्याने आपल्या केसांकडे बघून ठरवावं. मी बफवाला, कारण तो कानांवर, गळ्यात, मनगटावर, कुठेही बसतो. खरा पेच कापडाचा आहे: मरिनो जातीच्या मेंढीची पातळ, मऊ लोकर घ्यावी की पॉलिस्टर? दोन्ही मी बरीच वर्षं वापरतोय आणि दोन्ही अजून कपाटात आहेत. मोजमाप काही केलेलं नाही, डोक्याला जे जाणवलं तेवढंच सांगतो.

सुती रुमालाला यात धरत नाही, तो घाम पितो आणि सोडत नाही. मात्र एक गोष्ट आधी सांगायला हवी. हिवाळ्यात रस्त्याकडेला ज्या ‘वुलन’ टोप्या मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा ॲक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या असतात. उबदार, स्वस्त, बाइकवर झकास, पण पळायला नकोत. शंका आली तर कडेचा एक धागा काढून त्याला काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अस्सल खरी, पण भरड. घोंगडीला ती उत्तम, कपाळाला नाही. कपाळाला सोसते ती १७ ते १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तंतूची मरिनो.

थंडीत दोन्ही चालतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर येतो, पाषाणकडे आणखी थोडा खाली. एवढ्या थंडीत सपाटीवर दहा किलोमीटर मारायचे तर पॉलिस्टरने काही बिघडत नाही. फरक कळतो तो चढ-उतारावर. सिंहगडाच्या गाडीरस्त्याने वर जाताना घाम निथळतो, बफ चिंब होतो. वर पोचून पाणी प्यायलात, कोणी ओळखीचं भेटलं, दोन शब्द झाले आणि मग वाऱ्यात उतरायला लागलात, की पॉलिस्टरचा ओला बफ तापात कपाळावर ठेवलेल्या पट्टीसारखा गार लागतो. माझं डोकं तर पहिल्या एक-दोन वळणांतच ठणकायला लागतं. मरिनोही ओली होते, पिळली तर पाणी निघतं, पण तशी गार लागत नाही. पॉलिस्टरचा तंतू पाणी जवळजवळ आत घेतच नाही, त्यामुळे घाम धाग्यांच्या मध्ये आणि कातडीवर राहतो. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा आत मुरवतो आणि मुरवताना किंचित ऊबही देतो. ती ऊब पळणाऱ्याला जाणवते की नाही, यावर मी पैज लावणार नाही.

तरीही माझा कौल थंडीने ठरलेला नाही. तो वासाने ठरला.

पॉलिस्टरचा बफ धुऊन वाळला की नाकाला लावून बघा, फक्त साबणाचा वास येतो. तोच डोक्यावर चढवून दीड-दोन किलोमीटर पळा. घामाने भिजला रे भिजला, की मागच्या आठवड्याचा वास परत हजर. व्हिनेगरमध्ये भिजवून झालं, सोडा झाला, उलटा करून कडक उन्हात टाकून झाला. थोडे दिवस बरे जातात, पुढे तेच. घामातला तेलकट अंश या कापडाला धरून बसतो, साध्या धुण्याने सुटत नाही आणि जिवाणूंची सोय होते. टी-शर्टला असा वास आला तर निदान तो नाकापासून लांब असतो. बफचं तसं नाही. त्यातून माझा नेहमीचा रस्ता कात्रज-कोंढव्याकडचा. शेजारून डंपर गेला की बफ नाकावर ओढावाच लागतो, आणि मग धूळ घ्यायची की वास घ्यायचा एवढीच निवड उरते. मी अनेकदा धूळ घेतली आहे. पावसाळ्यात घरात दोरीवरचं काहीच वाळत नाही तेव्हा पॉलिस्टर रातोरात वाळतं, हे त्याचं मोठंच मोल. पण वाळून तरी काय, पहिल्या चढाला तो वास आहेच.

मरिनो मी आठवडाभर साबणाशिवाय वापरतो. हे वाक्य घरात मोठ्याने बोलत नाही. पळून आलं की गार पाण्यात खळबळायची, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि खुर्चीच्या पाठीवर आडवी टाकायची. दुसऱ्या दिवशी पावसाळ्यात ती दमट असते, पण दमट मरिनो बिनतक्रार डोक्यावर चढते. ओली झाली की मेंढीचा अगदी पुसट वास येतो. मला तो चालतो, बायकोला नाही.

आता उन्हाळा. एप्रिलमध्ये डोक्याला लोकर म्हटल्यावर लोक हसतात, हसू देत. आपण बोलतोय ते चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपासचं कापड आहे, डोळ्यांसमोर धरलं तर पलीकडचं दिसतं. वेताळ टेकडीवर सकाळी सात-साडेसातपर्यंत मला तरी ते जड होत नाही. पुण्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे निघतानाच ओली करून बांधली की वाळता वाळता डोकं थंड ठेवते, आणि पॉलिस्टरपेक्षा जास्त वेळ ओली राहते. हळू वाळणं हा तिचा एरवीचा दुर्गुण इथे उपयोगी पडतो. घामही डोळ्यांत उशिरा उतरतो. उशिरा म्हणजे उतरतोच. ऊन समोरून यायला लागलं की मात्र कापडाची चर्चा संपते, तेव्हा कॅपच लागते.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथली गोष्ट निराळी. हवाच ओली असल्यामुळे घाम वाळत नाही, लोकर नुसती पीत जाते आणि जड होते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन सुटते तेव्हा पहाटेची हवा बरी असते, पण फुल मॅरेथॉन पळणारा परतीला पेडर रोडच्या चढाला लागतो तोवर सूर्य चांगला वर आलेला असतो. तिथे मीही पॉलिस्टरची जाळीदार कॅप घालतो, पाण्याच्या टेबलापाशी भिजवतो आणि पुढे निघतो. वासाचं म्हणाल तर त्या दिवशी तो सगळ्यांनाच येत असतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला याच्या उलट: पावसाळ्याची अखेर, यवतेश्वरचा घाट, वर धुकं आणि मग तसंच भिजलेल्या अंगाने खाली उतरायचं. तिथे मरिनोच.

मरिनोची दुखणी लपवत नाही. किंमत दोन-तीन पट, कधी त्याहूनही जास्त, आणि आयुष्य कमी. वेल्क्रोला अडकली की धागा ओढला जातो, त्याचं भोक होतं आणि ते वाढत जातं. गरम पाण्यात फिरली की लोकरीचे खवले एकमेकांत गुंततात आणि ती आटते, परत मापात येत नाही. मशीनमध्ये चालेल असं लेबलवर लिहिलेलं असलं तरी मी हातानेच धुतो. उन्हाळ्यात ठेवून दिली तर कसर लागते. धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डांबरगोळ्या टाकू नका, नाहीतर पहिल्या पळण्याला तोच वास डोक्यावर घेऊन फिराल. काहींना एवढी बारीक लोकरही टोचते. त्यांनी दुकानात ती गळ्याला लावून पाच मिनिटं फिरावं, गळा कपाळापेक्षा लवकर सांगतो.

तुम्ही समुद्राकाठी राहत असाल, किंवा आठवड्यातून एक-दोनदा सपाटीवर तासाभराच्या आत पळत असाल, तर पॉलिस्टर घ्या. उरलेल्या पैशांत मोजे येतील, आणि चांगल्या मोज्यांचा फरक यापेक्षा मोठा आहे. घाटावर राहून जवळजवळ रोज पळत असाल, वाटेत टेकडी असेल आणि नाक माझ्यासारखं तिखट असेल, तर एक मरिनो घेऊन बघायला हरकत नाही. दोन स्वस्त घेण्यापेक्षा एक बरी घ्या. जुना पॉलिस्टरचा बफ टाकू नका, मनगटावर गुंडाळून घाम आणि नाक पुसायला त्याच्यासारखा तोच. आणि मरिनो गडद रंगाची निवडा. फिकट लोकर घामाने आणि उन्हाने पिवळी पडते, आणि ते डाग घासून काढायला गेलात तर डागांबरोबर कापडही जातं.