एसटीसी-१००० आणि सिरॅमिक हीटर: बॉल पायथनच्या पेटीतला एक हिवाळा

बॉल पायथन या विदेशी अजगराला पेटीच्या उबेच्या टोकाला ३१-३२ अंश लागतात, गार टोकाला २४ ते २७. नाशिकच्या जानेवारीत हे टिकवायचं म्हणजे रात्रभर हीटर आलाच. सापांसाठीचे ब्रँडेड थर्मोस्टॅट खिशाला झेपेनात, म्हणून अंडी उबवणारे वापरतात तो एसटीसी-१००० कंट्रोलर घेतला, पाचशेच्या आत; तापमान बघून हीटर चालू-बंद करतो. जोडीला १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, उजेड न देता नुसती ऊब देणारा. पेटी सुताराने करून दिलेली, प्लायची. काचेपेक्षा ऊब चांगली धरते.

कंट्रोलर कामाला चोख. एफ-१मध्ये तापमान, एफ-२मध्ये फरक (किती अंश उतरल्यावर हीटर पुन्हा लागायचा तो), झालं. लाइट गेली-आली तरी सेटिंग पुसलं जात नाही. सिरॅमिक मात्र बंद झाल्यावरही बराच वेळ धगधगत राहतो, त्यामुळे ३२ लावलं की आकडा ३३च्या पुढे जाऊन येतो. मी ३१ ठेवतो. मागची टर्मिनलं उघडी असतात आणि त्यात २३० व्होल्ट खेळतात, तेव्हा बंद डब्यात बसवल्याशिवाय वापरायचा नाही. वायरिंगही इलेक्ट्रिशियनकडूनच.

खरी भीती दोन गोष्टींची. प्रोब, म्हणजे कंट्रोलरच्या वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, सुटून पेटीबाहेर पडला तर त्याला खोलीतली थंडी लागते आणि आत हीटर थांबतच नाही. साप रात्री चांगलाच जोर लावतो. चिकटपट्टी नकोच, तिचा डिंक खवल्यांना धरला की कातडी सोलून निघते. मी वायर क्लिपा ठोकून पक्की केली. दुसरी भीती रिलेचे (कंट्रोलरच्या आतल्या स्विचचे) पॉइंट चिकटण्याची: डिस्प्ले म्हणतो बंद, हीटर चालूच. म्हणून हीटरच्या लाइनमध्ये ५० अंशांना तुटणारा केएसडी-३०१ कटआउट टाकला, छताजवळ. बोटाच्या पेराएवढी वस्तू, चहा-वड्याच्या पैशांत येते. बसवण्याआधी हेअर ड्रायरसमोर धरला, टक् करून तुटला, गार झाल्यावर परत जुळला. कंट्रोलर घ्या न घ्या, हा घ्याच.

हीटरला होल्डर चिनीमातीचा आणि आट्यांचा हवा; प्लास्टिकचा वितळतो. भोवती जाळी सक्तीची, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. गरम दगड म्हणून विकतात ती विजेवर तापणारी वस्तू तर फुकट दिली तरी नको. हवा कोरडी पडते, त्यावर पाण्याचं भांडं मोठं ठेवलं.

ऐन थंडीत हीटर साधारण निम्मा वेळ चालायचा, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. लाइट लांबली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत.

(बॉल पायथन सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. देशी अजगर पाळणं गुन्हाच.)

बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळणाऱ्यांनी मात्र हा कंट्रोलर बास्किंग बल्बला (सरडा ज्याच्याखाली ऊन खातो त्या दिव्याला) लावू नये. बल्ब सारखा लागत-विझत राहतो. त्यांना बल्ब न विझवता मंद-प्रखर करणारा डिमिंग थर्मोस्टॅटच हवा, आणि तो या पैशांत येत नाही.