डीबीटीचा गट: गृहपाठाची तयारी ठेवून जा

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान कागदावर आलं की डॉक्टर बहुतेक वेळा डीबीटीच्या गटाचं नाव काढतातच. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती. सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रातला असा एक गट मी पूर्ण केला. आत नेमकं काय चालतं हे जायच्या आधी मला कुणीच धड सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

माझी समजूत अशी होती की गोल करून बसायचं, एकेकाने रडून घ्यायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. प्रत्यक्षात तो चक्क वर्ग निघाला. फळा, मार्कर, छापील कागदांची फाइल, आणि बसल्या बसल्या गृहपाठाची तपासणी. ‘या आठवड्यात कोणतं कौशल्य वापरलंत?’ असं मॅडम एकेकाला विचारतात. ‘नाही जमलं’ म्हणून सुटका होत नाही, कुठे अडलं ते खोदून काढतात. अर्धा वेळ यात जातो, मग थोडी सुट्टी आणि त्यानंतर नवा धडा. एकूण दोन-अडीच तास. लहानपणाबद्दल मोकळं व्हायला जात असाल तर निराश व्हाल, त्याला इथे जागाच नाही.

धडे चार भागांत आहेत: सजगता, असह्य वेळ निभावणं, भावना आटोक्यात आणणं आणि माणसांशी वागणं. मूळ आराखड्यात एक फेरी २४ आठवड्यांची असते आणि पुष्कळ ठिकाणी ती दोनदा करून घेतात. दुसऱ्या फेरीला सगळे कुरकुरतात. मीही कुरकुरले, पण खरं शिकले ते तेव्हाच. पहिल्या वेळी अर्धं लक्ष शेजारची बाई आपल्याकडे का बघतेय यातच होतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे साखळी मांडणं. एकदा माझी पाळी आली. बहिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही आणि मी फोन भिंतीवर फेकला, एवढीच माझ्या लेखी हकीकत होती. मॅडमनी ती फळ्यावर उलटी मागे न्यायला सुरुवात केली. त्याआधी काय? लागोपाठ मेसेज. त्याआधी? ‘ती मला टाळतेय’ हा विचार. त्याआधी? दुपारपासून पोटात काही नाही. आणि रात्री झोप? झालीच नव्हती. मागच्या खुर्चीतल्या काकांनी हळूच विचारलं, ‘मेसेज तिने वाचला होता, की नुसता पोचला होता?’ नुसता पोचला होता. सगळे हसले, मीही हसले. एरवी त्या विषयावर कुणी हसलं असतं तर मी उठून निघून गेले असते.

थंड पाण्याचा प्रयोगही गटातच करून दाखवला. भांड्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून चेहरा काही सेकंद बुडवायचा. त्याने हृदयाची गती खाली येते आणि डोकं भडकलेलं असताना थोडी उसंत मिळते. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. चष्मे काढून, केस मागे बांधून आम्ही रांगेने तोंडं बुडवत होतो, फार विनोदी दिसत असणार. पण घरी सगळ्यात जास्त वापरलं ते हेच.

डीबीटी ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची, तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, हे लिनेहानबाईंनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. हे कळल्यावर डायरी कार्डाचा मला जरा कमी राग यायला लागला. (कार्ड म्हणजे रोज रात्री भावना, ऊर्मी आणि वापरलेली कौशल्यं यांचे आकडे भरायचे. कंटाळवाणंच आहे ते.)

नियम कडक आहेत. लागोपाठ चार सत्रं चुकली की नाव कमी होतं. स्वतःला इजा करण्याबद्दल गटातल्यांशी बाहेर बोलायचं नाही. हा दुसरा नियम मला आधी निर्दय वाटला. पण तशा बोलण्याने दुसऱ्याची ऊर्मी कशी जागी होते ते मी सुट्टीत एकदा बघितलं, आणि मग तक्रार केली नाही.

आता तक्रारी. पूर्ण डीबीटीत गटाबरोबर वैयक्तिक थेरपी असते, अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन असतं आणि थेरपिस्टांची आपसात नियमित बैठक असते. आम्हाला मिळाला फक्त गट. मनुष्यबळ नाही हे मी समजू शकते, पण पाटीवर ‘डीबीटी’ लिहिताना ‘फक्त कौशल्य-गट’ असंही लिहावं. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. फेरीच्या मध्यावर एक प्रशिक्षक बदलल्या, आणि ते आम्हाला शेवटच्या पाच मिनिटांत, फायली आवरताना सांगितलं. निदानाच्या नऊ निकषांत सोडून जाण्याची भीती हा एक निकष आहे. ज्या खोलीत सगळ्यांना तीच भीती आहे तिथे ही बातमी अशी द्यायची? पुढच्या आठवड्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

तरी पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो या निरोपासाठी. नाव घालण्याआधी विचारून घ्या: वैयक्तिक थेरपी मिळणार का, प्रशिक्षक पूर्ण फेरीभर तेच राहणार का, रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा, आणि फेरी संपल्यावर पुढे काय. शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. महिन्यातून एकदा तरी जुन्या लोकांची बैठक ठेवा, असा अर्ज आम्ही काही जणांनी सह्या करून दिला आहे. काका दर आठवड्याला खिडकीवर जाऊन त्याची चौकशी करतात.