अँटी-डंपिंग शुल्क लागलं: तिथलं न्यायालय की डब्ल्यूटीओ?

परदेशात तुमच्या मालावर अँटी-डंपिंग शुल्क (म्हणजे घरच्या बाजारापेक्षा स्वस्तात माल विकल्याचा हिशेब मांडून लावलेलं जादा आयात शुल्क) बसलं आणि तो हिशेब चुकीचा झालाय याची खात्री असेल, तर दाद मागायच्या दोन जागा आहेत: शुल्क लावणाऱ्या देशाचं न्यायालय आणि जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ. लहान निर्यातदारानं आधी न्यायालयात जावं, असं माझं ठाम मत आहे.

डब्ल्यूटीओत कंपनीला उभंच राहता येत नाही. तक्रार फक्त सरकार करू शकतं, आणि करायची की नाही हेही तेच ठरवतं. न्यायालयात तुम्ही स्वतः पक्षकार असता. ही सोय डब्ल्यूटीओच्याच अँटी-डंपिंग करारातून, कलम १३ मधून आली आहे: अँटी-डंपिंग कायदा असलेल्या देशानं शुल्काची फेरतपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा ठेवलीच पाहिजे. अमेरिकेत त्यासाठी न्यूयॉर्कचं कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेड आहे, युरोपीय संघात लक्झेंबर्गचं जनरल कोर्ट. मुदती मात्र निर्दय आहेत. अमेरिकेत ३० दिवस, युरोपात साधारण दोन महिने. शिवाय शुल्क लावण्याआधीच्या मूळ चौकशीत भाग घेतला नसेल, तर अमेरिकेत दावाच करता येत नाही. म्हणून चौकशीची प्रश्नावली आली की ती बाजूला टाकू नका.

पैशांचाही फरक आहे. न्यायालयात जिंकलात तर भरलेलं शुल्क परत मिळू शकतं (ते आयातदाराच्या हाती जातं, तेव्हा त्याच्याशी आधीच बोलून ठेवा). डब्ल्यूटीओचा निवाडा साधारणपणे पुढच्या काळापुरताच असतो.

पण दोष हिशेबाच्या पद्धतीतच असेल, तर न्यायालय अपुरं पडतं, कारण ते स्वतःच्या देशाच्या कायद्यानं चालतं. ‘झिरोइंग’मध्ये, म्हणजे जिथे माल स्वस्तात विकलेला नाही असे निर्यातदाराच्या बाजूचे आकडे शून्य धरण्याच्या पद्धतीत, हेच झालं. अमेरिकी न्यायालयांनी ती चालवून घेतली. डब्ल्यूटीओनं मात्र २००१ मध्येच, भारतानं युरोपीय संघाविरुद्ध आणलेल्या बेडशीटच्या खटल्यात, ती नियमबाह्य ठरवली होती.

आज डब्ल्यूटीओत मोठी अडचण आहे. डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ ठप्प आहे, त्यामुळे हरलेला देश अपील करून निकाल लटकवून ठेवू शकतो. काही सदस्यांनी २०२० मध्ये आपसात पर्यायी अपील व्यवस्था उभारली. दोन्ही देश तिच्यात आहेत का, हे सरकारदरबारी जाण्याआधी पाहा. आणि विकसनशील देशाचं सरकार वकिलांच्या खर्चाचं कारण पुढे करत असेल, तर जिनिव्हात २००१ पासून अशा सरकारांना कमी शुल्कात कायदेशीर मदत देणारं सल्ला केंद्र आहे, हे त्यांना सांगा.