क्ले बार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची पांढरी गाडी डोंबिवलीत रुळांलगतच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते. दोन वर्षांत टपावर आणि बॉनेटवर बारीक तांबूस ठिपके उमटले. शाम्पूने कितीही धुतलं तरी जाईनात. पत्रा गंजला की काय, या काळजीने झोप उडाली होती. पत्रा ठणठणीत होता. रेल्वेगाड्यांची चाकं आणि ब्रेक घासून लोखंडाची भुकटी उडते, ती रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रुतते आणि दमट हवेत गंजते.

दिवाळीआधी १०० ग्रॅमची क्लेची वडी घेतली, मुद्दाम सौम्य प्रतीची. क्ले म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा, मऊ मातीसारखा गोळा. आजवर दोनदा आमच्या गाडीवर आणि एकदा सासऱ्यांच्या काळ्या गाडीवर वापरली.

आधी गाडी नीट धुवायचीच. सुटी धूळ राहिली तर क्ले तीच रंगावर घासत नेते. मग लोखंड विरघळवणारा फवारा मारायचा. पांढऱ्या रंगावरून जांभळे ओघळ उतरताना पाहिले तेव्हा किती लोखंड बसलं होतं ते कळलं. वास उग्र येतो, पण अर्धं काम तिथेच होतं. फवारा वाळायच्या आत धुऊन टाका.

क्लेचा चौथा हिस्सा कापून कणकेसारखा मळायचा आणि चपटा करायचा. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यायचा. मी शाम्पूचं पाणी सढळ हाताने फवारते. क्ले सरळ रेषेत, बोटांच्या टोकांनी, अलगद फिरवायची. गोल गोल नाही. सुरुवातीला खरखर ऐकू येते आणि हाताला अडखळ लागते. जोर लावायचा मोह होतो, तो आवरा. निसरडेपणा हवा, दाब नको. खरखर थांबली की पुढचा भाग. क्ले मळकी दिसली की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायची.

पहिल्या वेळी आमच्या गाडीवर तुकडा हातातून जमिनीवर पडला. दिसले तेवढे खडे काढले आणि पुढे चालू ठेवलं. चालकाच्या दारावर केसासारखे ओरखडे उठले, ते काढायला पॉलिश करावं लागलं. पडलेला तुकडा सरळ कचऱ्यात टाका, कितीही नवा असो.

काळ्या गाडीवर सगळं जपून करूनही उन्हात हलका धूसरपणा दिसला. पांढऱ्यावर तो दिसत नाही. गडद रंग असेल तर नंतर हलक्या पॉलिशची तयारी ठेवूनच क्ले हातात घ्या. मॅट रंगावर तर वापरूच नका.

बोअरच्या पाण्याचे खोल उतरलेले डाग आणि जुने ओरखडे क्लेने जात नाहीत. पुढच्या काचेवर मात्र फरक मोठा पडला, वायपर थरथरायचा थांबला. क्ले रंगाला जपणारं जुनं वॅक्सही काढून नेते, म्हणून त्याच दिवशी नवं वॅक्स लावते. सगळं मिळून पाच तास जातात.

हे दर महिन्याचं काम नव्हे. धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवून बोटं फिरवा. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. जूनमध्ये टपावर लागली, दारांवर नाही, म्हणून क्ले फक्त टप, बॉनेट आणि डिकीवर फिरवली. उरलेले दोन तुकडे थोडं शाम्पूचं पाणी शिंपडून झाकणाच्या डबीत ठेवलेत. अजून मऊ आहेत.