मुलाने घेऊन दिलेला घरदेखभालीचा करार: एक अभिप्राय

पुण्यात अलीकडे ज्येष्ठांसाठी घरदेखभालीचे वार्षिक करार देणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम भरली की नळ, वीज आणि किरकोळ सुतारकाम यांसाठी माणूस घरी येतो; मजुरी वेगळी द्यावी लागत नाही, सामानाचे पैसे मात्र बिलाप्रमाणे पडतात. कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत आम्ही दोघेच राहतो. आमच्यासाठी असा करार प्रथम अमेरिकेतल्या मुलाने घेतला, आणि नंतर त्याचे नूतनीकरण आम्ही स्वतः केले. सेवेचे नाव देत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकट्या त्या सेवेच्या नसून या व्यवसायाच्याच असाव्यात असे वाटते.

करार झाल्यावर आधी घराची पाहणी होते, आणि भरलेल्या पैशांचा निम्मा मोबदला या एका पाहणीतच मिळतो, असे माझे मत आहे. नळ गळू लागला की प्लंबर बोलावता येतो. पण अजून न बिघडलेले काय बिघडण्याच्या बेतात आहे, हे सांगायला एरवी कोणी येत नाही. आमच्या मीटरपाशी चिनी मातीचे जुने किटकॅट फ्यूज होते आणि ते वितळले की मीच स्टुलावर चढून तार बांधत असे. आलेल्या इलेक्ट्रिशियनने होल्डरमध्ये बल्ब लावून एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला जोडली, तेव्हा बल्ब जेमतेम तांबूस झाला. "काका, अर्थिंग नुसतं नावाला आहे," एवढेच तो म्हणाला. त्यानंतर फ्यूजच्या जागी एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसला, आणि सोसायटीकडून अर्थिंगचा खड्डाही दुरुस्त करून घेतला. आरसीसीबीवरचे 'टी' अक्षराचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही हे पाहायचे, ही सवय त्याने आमच्या सौभाग्यवतींना लावली. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास नसावा.

पहिल्याच पावसाळ्यात हा आरसीसीबी वारंवार पडू लागला. पहिल्या खेपेला आलेल्या तरुण कारागिराने तो "जास्तच सेन्सिटिव्ह" असल्याचे सांगून काढून टाकण्याचा सल्ला दिला, आणि हा सल्ला धोकादायक होता. दुसऱ्या, वयाने मोठ्या कारागिराने एकेक सर्किट सोडवून पाहिले, तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीतल्या पाइपमध्ये ओल उतरून वायरचे आवरण सडल्याचे निघाले. म्हणजे आरसीसीबी आपले काम चोख करत होता. एकाच सेवेतल्या दोन माणसांत एवढे अंतर असते आणि कोण येणार हे आपल्या हाती नसते, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. पूर्वी आळीतला एकच वायरमन वर्षानुवर्षे येत असे आणि कोणती वायर कोठून गेली आहे हे त्याला तोंडपाठ असे. येथे दर वेळी घराची ओळख नव्याने करून द्यावी लागते.

प्लंबिंगचे काम सर्वांत समाधानकारक झाले. न्हाणीघराबाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह चाकाचा होता आणि गंजून इतका घट्ट बसला होता की पाइप फुटला असता तर पाणी बंद करणे आमच्या हातून झालेच नसते. त्याच्या जागी दांडीचा व्हॉल्व्ह बसवला. पाव फेरा दिला की पाणी बंद होते आणि सांधेदुखीच्या बोटांनाही ते जमते. आमच्याकडे बोअरचे पाणी मिसळून येत असल्याने गीझरमध्ये क्षार फार साठतात. कारागिराने टाकी उघडून मॅग्नेशियमची कांडी बाहेर काढली, तेव्हा अंगठ्याएवढ्या जाडीच्या कांडीची झिजून सळई उरली होती. टाकीच्या पत्र्याऐवजी ही कांडी गंजते, म्हणून ती वेळेवर बदलली तर गीझर बराच जास्त टिकतो, ही गोष्ट आम्हाला यापूर्वी कोणीच सांगितली नव्हती. इतकी वर्षे टाकी गळली की नवीन गीझर, हाच आमचा हिशोब होता.

आधाराच्या दांड्यांबाबतही त्यांचा आग्रह योग्य ठरला. रबरी चकत्यांनी फरशीला चिकटणाऱ्या दांड्या बाजारात स्वस्त मिळतात, पण त्या तोल सावरण्यापुरत्याही भरवशाच्या नाहीत. संडासालगतची आमची भिंत साडेचार इंची आहे, त्यामुळे आरपार बोल्ट टाकून मागच्या बाजूला पट्टी द्यावी लागली. बसवून झाल्यावर कारागीर स्वतः त्या दांडीला लोंबकळला आणि मगच त्याने माझी सही घेतली.

सामानाच्या बिलांकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. जलशुद्धीकरण यंत्राची पडदी बदलण्याची घाई एकदा झाली. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर लावून दाखवा म्हटल्यावर ती घाई ओसरली. काढलेला जुना भाग घरातच ठेवून जाण्यास सांगितले तर पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतात.

माझी खरी तक्रार कामाबद्दल नाही. करार मुलाच्या नावावर असल्याने प्रत्येक कामाचा अहवाल छायाचित्रांसह त्याच्या मोबाइलवर जात असे आणि खर्चाची मंजुरीही त्याच्याकडूनच घेतली जाई. स्वयंपाकघरातला नळ बदलायचा आहे, हे आम्हाला न्यू जर्सीहून कळले! त्या नळाखाली रोज भांडी विसळणारे माणूस ओट्यापाशी उभे असताना कारागीर फोन लावून तिकडच्या पहाटेची वाट पाहत बसला होता. हेतू चांगला असतो, म्हाताऱ्यांना कोणी फसवू नये हा. पण हिशोब ठेवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना साध्या वॉशरबाबतही कोणी काही विचारत नाही, हे झोंबते. ग्राहक कोण, हा प्रश्न या सेवांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. जाहिरातीही बहुधा परदेशातल्या मुलांना उद्देशून असतात. त्यातच तक्रार नोंदवायची ती फक्त ॲपवर आणि इंग्रजीत. दूरध्वनी उचलला जातो, पण उचलणारी व्यक्ती "ॲपवर टाका" एवढेच सांगते.

कराराबाहेर काय राहते, हेही आधी वाचून घ्यावे. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून आमच्या छतात उतरणारी गळती त्यात बसत नाही; तेथे वरची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करावे लागते आणि त्यासाठी वरचे मालक व सोसायटी यांनाच गाठावे लागते. गॅसलाही ते हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शेगडीची सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी वितरकाकडून बदलून घ्यावी आणि गळतीची शंका आल्यास १९०६ या क्रमांकावर फोन करावा. दारे-खिडक्यांचे सुतारकाम यथातथाच आहे. पावसाळ्यात फुगलेले दार रंधून देण्यासाठी आम्ही अजूनही जुन्याच मिस्त्रींना बोलावतो.

रक्कम साधारण चांगल्या नव्या गीझरच्या किमतीएवढी आहे. घर नवे असेल किंवा ओळखीचे कारागीर हाकेच्या अंतरावर असतील तर ती भरण्याचे कारण नाही. आमच्यासारख्या तीस-चाळीस वर्षे जुन्या इमारतीत, जेथे शिडीवर चढणारे कोणी उरलेले नाही, तेथे ती वसूल होते. नूतनीकरणाच्या वेळी आम्ही करार स्वतःच्या नावावर करून घेतला आणि त्यात दोन अटी लिहून घेतल्या: खर्चाची मंजुरी घरात राहणाऱ्यांकडून घ्यावी, आणि विजेच्या कामाला शक्यतो त्याच ज्येष्ठ कारागिराला पाठवावे. पहिली अट कार्यालयाने लगेच मान्य केली. दुसरीपुढे त्यांनी "उपलब्धतेनुसार" हा शब्द जोडला आहे.