तासावर मिळणारी सोबत: पुण्यातल्या कंपॅनियन सेवा कशासाठी घ्याव्यात

मुलगा स्टेट्समध्ये, मुलगी बंगलोरला आणि आई-वडील कोथरूड, सहकारनगर नाहीतर औंधच्या फ्लॅटमध्ये. पुण्यात अशी घरं इतकी आहेत की त्यांच्यासाठी ‘कंपॅनियन’ पुरवणारा वेगळा धंदाच उभा राहिलाय. नर्सिंग ब्युरोची मावशी आंघोळ घालते, औषधं देते, खाऊ घालते. कंपॅनियनचं काम ते नाही. तो गप्पा मारतो, बँकेत सोबत जातो, रमी खेळतो, फोनवरचं पेन्शनचं काम करून देतो, बालगंधर्वला नाटकाला नेतो. दर तासावर, आणि साधारण आठवड्याला दोन-तीन भेटी.

सेवा घेण्यासारखी आहे. मात्र ‘एकटेपणा घालवतो’ या जाहिरातीवर भाळून घेतली तर पैसे वाया जातात.

शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवून पाहिलं. ज्यांची नाती जास्त प्रकारची होती (जोडीदार, भावंडं, शेजारी, कामावरचे, मंडळातले), त्यांना सर्दी कमी झाली. कंपॅनियन आल्याने यात एकाच प्रकाराची भर पडते, आणि तीही पगारी. ‘आता त्यांच्याकडे माणूस येतो’ म्हणून समोरच्या काकू यायच्या थांबल्या, तर हिशेब तोट्यात गेला. हे घडतं, आणि तीन महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

हार्वर्डचा १९३८ साली सुरू झालेला अभ्यासही इथे उपयोगी पडतो. मूळच्या ७२४ पुरुषांचं आयुष्य त्यात दशकानुदशकं तपासलं गेलं. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीला जास्त धडधाकट निघाले. तेवढा अंदाज त्यांच्या कोलेस्टेरॉलवरूनही बांधता आला नाही. तीस-चाळीस वर्षं मुरलेलं असं नातं कुठलीही कंपनी पाठवू शकत नाही. बंद पडलेलं नातं मात्र ती पुन्हा चालू करून देऊ शकते. आम्ही या सेवेला गुण देतो ते एवढ्याच कामाचे.

चांगला कंपॅनियन पहिल्या आठवड्यात फक्त बसतो आणि ऐकतो. दुसऱ्या आठवड्यात जुनी फोनची डायरी काढायला लावतो. त्यातली दहा-बारा नावं निवडायची: चालत जाता येईल अशी, रिक्षाने जाता येईल अशी आणि फक्त फोनवर भेटतील अशी. डायरीतले निम्मे नंबर लँडलाइनचे, मेलेले असतात. नवे नंबर भाचे-पुतण्यांकडून मिळवणं हेच खरं काम. तिसऱ्या आठवड्यात एखाद्याच्या घरी जायचं. निघण्याआधी विचारायचं, लिफ्ट आहे का? सदाशिव, नारायण पेठेतल्या जुन्या इमारतींचे दोन जिने गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि पहिलीच खेप फसली की आजी पुन्हा नाव काढत नाहीत. चौथ्या आठवड्यात कुणालातरी घरी बोलवायचं. चहा आजींनीच करायचा, कंपॅनियनने नाही; यजमानपण त्यांचंच राहायला हवं.

बिघाड बहुतेक वेळा माणसं बदलण्यातून होतो. या धंद्यात नोकरी सोडणारे खूप, त्यामुळे दर महिन्याला नवा चेहरा दारात उभा राहतो आणि आजोबा तीच नोकरीची, तीच बदलीची हकिगत चौथ्यांदा सांगतात. पाचव्यांदा सांगत नाहीत; टीव्ही लावून बसतात. म्हणून करारात ‘ठरलेली एक व्यक्ती आणि एक राखीव’ असं लिहून घ्या. राखीव माणसाची ओळख पहिल्याच महिन्यात घरी करून द्यायला लावा. पोलीस पडताळणीची प्रत मागा. एटीएमचा पिन आणि ओटीपी कंपॅनियनकडे जाणार नाही, हे आई-वडिलांसमोरच स्पष्ट बोला.

रिपोर्टचं ॲप हा दुसरा दोष. केक कापताना, बागेत, सोफ्यावर असे फोटो परदेशी मुलाला जातात; समाधान त्याचं होतं आणि त्याचा फोन कमी होतो. फोटोंऐवजी आठवड्याला तीन ओळी मागा: कोण भेटलं, कुणाचा फोन आला, कुणाला केला. मुलाचा फोनही ठरल्या वेळी हवा. पुण्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. दोन्हीकडे माणूस जागा आणि मोकळा असतो. कंपॅनियनची वेळ त्यावर कधीही टाकू नका.

ऐकू कमी येत असेल तर आधी ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, करा. चौघांत बसल्यावर निम्मं कळत नाही म्हणून माणूस चौघांत जाणंच सोडतो, आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी जी १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली, त्यांत बहिरेपण आणि एकटं पडणं दोन्ही आहेत. कानाचं मशीन खणात, बॅटरी संपलेली आणि शेजारी ताशी पैसे घेणारा गप्पिष्ट, असं चित्र काही घरांत दिसतं. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, तर कंपॅनियनआधी डॉक्टर.

आजी-आजोबा चालते-फिरते असतील तर फुकटातले पर्याय आधी बघा: जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला हास्यक्लब, सोसायटीचं भजनी मंडळ. तिथे पहिल्या दोन-तीन वेळा हात धरून नेणारं कुणीतरी लागतं. कंपॅनियन तेवढ्यापुरता घेतला तरी चालतो. सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

तीन महिन्यांचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. महिन्याचं घ्या, आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट वाचा. सेवा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात कंपनीची माणसं सोडून किती जण भेटले, किती फोन झाले, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यात पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर पुढच्या महिन्याचे पैसे भरा. तेवढाच राहिला असेल तर कंपॅनियन बदलून मागा, आणि घटला असेल तर सेवा बंद करा, आजोबांना तो मुलगा कितीही आवडत असला तरी.