सेवा निर्यातीवर जीएसटी: एलयूटी की कर भरून परतावा?

परदेशी ग्राहकाला विकलेली सेवा शून्य दराची, पण मार्ग दोन. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, दिलं (फॉर्म आरएफडी-११, दर आर्थिक वर्षाला नव्याने) तर बिलावर कर नाही; खरेदीवर भरलेल्या कराचं साचलेलं क्रेडिट परताव्याचा फॉर्म आरएफडी-०१ भरून परत मागायचं. दुसऱ्या मार्गात आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी), बहुतेक सेवांवर १८%, आधी भरायचा आणि तोच परत मागायचा.

ज्यांचा खर्च मुख्यतः पगारावर जातो, त्यांच्याकडे क्रेडिट जेमतेम असतं. दुसऱ्या मार्गाने त्यांचे रोख पैसे महिनोन्‌महिने अडकतात, म्हणून एलयूटीच बरं. मात्र नुकतीच महागडी यंत्रसामग्री घेतली असेल, तर गणित उलटतं: एलयूटीच्या परताव्यात भांडवली वस्तूंचं क्रेडिट धरत नाहीत, पण त्याच क्रेडिटमधून आयजीएसटी भरला की ते रोखीत मोकळं होतं.

अर्ज अडतात ते बहुधा एकाच चुकीने. निर्यात जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात ३.१(ब), म्हणजे शून्य दराच्या रकान्याऐवजी ३.१(अ), म्हणजे इतर करपात्र विक्रीच्या रकान्यात दाखवली जाते आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राशी आकडे जुळत नाहीत. बँकेचं एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचं प्रमाणपत्र) प्रत्येक बिलाशी जुळवून ठेवा. परताव्याच्या अर्जाची मुदत दोन वर्षं, एरवी परकीय चलन हाती आल्यापासून. आगाऊ रक्कम आली असेल तर बिलाच्या तारखेपासून.